कुक्षीसाठी साठवलेले प्रथिन : गाजर गवताच्या परागाचा पुणे ते जबलपूर इतिहास

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने देशभर गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. कृषी विज्ञान केंद्रे, विद्यापीठे, शाळा आणि नगरपालिका यांना या सप्ताहात जी मुख्य सूचना दिली जाते ती अगदी साधी आहे : फुलावर येण्यापूर्वी हे तण मुळासकट उपटावे. सूचना इतकी सोपी आहे की 'फुलावर येण्यापूर्वी' या दोन शब्दांकडे सहसा लक्ष जात नाही. बी पडू नये एवढाच त्यांचा हेतू असावा, असे बहुतेकांना वाटते. तो हेतू आहेच. परंतु त्या शब्दांमागे आणखी एक कारण आहे आणि ते डोळ्यांना न दिसणाऱ्या परागकणाच्या भिंतीत दडलेले आहे. ते कारण नीट उमगण्यास विज्ञानाला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या शोधाचा मार्ग मँचेस्टर, कलकत्ता, पुणे आणि बेंगळुरू अशा दूरदूरच्या ठिकाणांवरून जबलपूरपर्यंत येतो.

हे संचालनालय जबलपूरच्या अधारताल भागात, महाराजपूर येथे आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने तणनियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९७८ मध्ये हाती घेतला. पुढे १९८९ मध्ये याच विषयासाठी जबलपूर येथे राष्ट्रीय तणविज्ञान संशोधन केंद्र उभे राहिले. २००९ मध्ये त्याला संचालनालयाचा दर्जा मिळाला आणि २०१४ पासून ते सध्याच्या नावाने ओळखले जाते. तणांच्या अभ्यासाला वाहिलेली संस्था नर्मदेच्या खोऱ्यात असावी, हे त्या भूमीला साजेसेच आहे. जबलपूर-नरसिंहपूर पट्ट्यातील काळ्या जमिनीत 'हवेली' नावाची शेतीची जुनी पद्धत आहे. पावसाळ्यात शेताला बांध घालून पाणी अडवायचे, ऑक्टोबरच्या सुमारास ते सोडून द्यायचे आणि ओलावा धरलेल्या भुईत रब्बीची पेरणी करायची, अशी ती रीत. अशा ओल्या बांधांवर, रस्त्यांच्या कडांना, रेल्वेच्या रुळांलगत आणि पडीक भूखंडांवर पावसाळ्यात जे तण गर्दी करते, त्यात गाजर गवताचा क्रमांक वरचा आहे.

नावात गवत असले तरी ही वनस्पती गवताच्या कुळातील नाही. ती सूर्यफूल, झेंडू आणि शेवंती यांच्या कुळातील आहे. पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली असतात, म्हणून हे नाव. लिनियसने १७५३ मध्ये तिचे 'पार्थेनियम हिस्टेरोफोरस' असे नामकरण केले. तिचे मूळ घर मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा उष्ण प्रदेश. मराठीत तिला काँग्रेस गवत, पांढरफुली आणि चटक चांदणी अशीही नावे मिळाली. यांपैकी शेवटचे नाव निरीक्षणातून आलेले दिसते. तिच्या इवल्याशा पांढऱ्या फुलोऱ्याच्या कडेला पाच किरणपुष्पे असतात आणि त्यामुळे तो चांदणीसारखा भासतो. ही पाच पुष्पे बी धरतात. मधल्या भागातील बारीक पुष्पांचे काम केवळ पराग पुरवण्याचे असते.

पुण्यात १९५५ मध्ये आढळलेल्या रोपांवरून वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या वनस्पतीची भारतासाठी नवी म्हणून नोंद केली. अमेरिकेकडून पीएल-४८० योजनेखाली आलेल्या गव्हाबरोबर तिचे बी आले, असे आजही सर्वत्र सांगितले जाते. तारखा मात्र या कथेला पूर्ण साथ देत नाहीत. तो अमेरिकी कायदा १९५४ चा आणि त्याअन्वये भारताशी झालेला पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. पुण्यातील रोपे त्यापूर्वीची आहेत. अमेरिकेकडून कर्जाऊ गहू १९५१ मध्येही आला होता, त्यामुळे धान्यातून बी येण्याची शक्यता उरते. एवढे निश्चित की पुढील दोन-तीन दशकांत हे तण महाराष्ट्रातून देशाच्या बहुतेक भागांत पसरले. ज्या १९५६ साली ही नोंद छापली गेली, त्याच वर्षी नागपूर राजधानी असलेला जुना मध्य प्रदेश मोडून जबलपूर नव्या मध्य प्रदेशात गेले. राज्यांच्या सीमा बदलल्या. तणाला सीमांशी कर्तव्य नव्हते.

या वनस्पतीचा पहिला जाच माणसाच्या त्वचेला झाला. १९६० च्या दशकात पुणे परिसरातील शेतकरी आणि मजूर यांच्या पापण्या, मान, कोपरांच्या खोबणी आणि चेहरा यांवर तीव्र दाह होऊन कातडी जाड व काळसर पडल्याची उदाहरणे त्वचारोगतज्ज्ञांपुढे येऊ लागली. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी या रोगाचा संबंध गाजर गवताशी जोडला. १९७४ मध्ये मिचेल आणि कॅलनन या परदेशी तज्ज्ञांसह त्यांनी लिहिलेल्या लेखामुळे हा रोग जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात नोंदला गेला. रुग्णांत प्रौढ पुरुषांचे प्रमाण फार मोठे होते. मुले जवळजवळ नव्हती. कित्येकांना शेत सोडावे लागले, कारण रोग दरवर्षी पावसाळ्याबरोबर परत येई.

या त्वचादाहाचा मुख्य कर्ता पार्थेनिन हे रसायन ठरले. हर्झ आणि वातानाबे यांनी १९५९ मध्ये अमेरिकेत त्याचे वर्णन केले होते. पार्थेनिन हे प्रथिन नव्हे. तो एक छोटा रेणू आहे आणि तो पाने व खोड यांवरील सूक्ष्म लवेत विशेष असतो. वाळलेल्या झाडाची लव मोडून धुळीसारखी उडते आणि उघड्या कातडीवर बसते. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतील टी पेशी या रेणूला ओळखू लागल्या की दाह होतो, पण तो लगेच होत नाही. दोन-तीन दिवसांनी उमटतो. म्हणूनच त्याच्या निदानासाठी रसायन लावलेली पट्टी पाठीवर चिकटवून सुमारे ४८ तासांनी पाहतात. या शोधामुळे गाजर गवत म्हणजे कातडीचा रोग, असे समीकरण लोकमानसात दृढ झाले. नाक, डोळे आणि श्वास यांच्या तक्रारी त्या समीकरणाच्या बाहेर राहिल्या. त्यांचा उलगडा होण्यासाठी दुसऱ्याच परंपरेचा आधार घ्यावा लागला आणि ती परंपरा युरोपातील गवताळ कुरणांत सुरू झालेली होती.

लंडनचे वैद्य जॉन बोस्टॉक यांनी १८१९ मध्ये स्वतःलाच दर उन्हाळ्यात होणाऱ्या नाक-डोळ्यांच्या विकाराचे वर्णन केले. त्यांनी त्याचा दोष उन्हाकडे दिला. खरे कारण मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी शोधले. तेही याच विकाराचे रुग्ण होते. त्यांनी निरनिराळ्या वनस्पतींचा पराग स्वतःच्या नाकात घेतला, कातडी किंचित खरवडून तिच्यावर लावला आणि चिकट काचा पतंगांना बांधून उंचावरील हवेतही पराग असतो हे दाखवले. त्यांचा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. योगायोग असा की त्याच वर्षी कलकत्त्यात डेव्हिड डग्लस कनिंगहॅम यांचे हवेच्या सूक्ष्म निरीक्षणांवरील पुस्तक छापले गेले. त्यांनी तेथील तुरुंगांच्या आवारात चिकट काचा ठेवून बुरशीचे बीजाणू आणि परागकण गोळा केले होते. त्यांना शोध होता पटकी, ज्वर आणि आमांश यांच्या कारणांचा. त्या रोगांशी हवेतील कणांचा संबंध त्यांना आढळला नाही. भारताच्या हवेत पराग आहे हे अशा रीतीने फार लवकर नोंदले गेले, पण त्याच्याकडे रोगाचे कारण म्हणून पाहण्यास बराच काळ जावा लागला.

परागात नेमके काय बाधते, हा पुढचा प्रश्न होता. हॅम्बुर्गचे डनबार यांनी १९०३ च्या सुमारास परागातून प्रथिनयुक्त अर्क काढला आणि तो विषासारखा आहे असे मानून त्यावर उतारा म्हणून घोड्यांच्या रक्तातील द्रव वापरून पाहिला. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागाचा अर्क वाढत्या मात्रेत टोचण्याचा उपचार प्रसिद्ध केला. त्यांच्याही मनात विषाचीच कल्पना होती. उपचार बऱ्याच अंशी टिकला, कल्पना टिकली नाही. कारण तोच पराग शेजारच्या माणसाला काहीच करत नाही. विष असे निवड करत नसते. १९६० च्या दशकात किंग आणि नॉर्मन यांनी अमेरिकेतील 'रॅगवीड' या तणाच्या परागातून मुख्य ॲलर्जीकारक प्रथिन वेगळे केले. १९६६ मध्ये इशिझाका दांपत्याने रॅगवीडची ॲलर्जी असलेल्या रुग्णांच्या रक्तातूनच आयजीई हे प्रतिपिंड शोधून काढले आणि बाधेचे मूळ कणाच्या विषारीपणात नसून शरीराने त्याच्याविरुद्ध केलेल्या तयारीत आहे, हे स्पष्ट झाले. रॅगवीड हे गाजर गवताचे जवळचे नातलग आहे, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार होती.

तरीही एक कोडे उरलेच. परागकणाचे बाह्यकवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचे असते. निसर्गातील अत्यंत टिकाऊ सेंद्रिय पदार्थांत त्याची गणना होते. तीव्र आम्लातही ते सहजी विरघळत नाही. त्याच्या टिकाऊपणाचा पुरावा जबलपूरच्याच भूमीत आहे. या शहराचे नाव भूवैज्ञानिकांनी गोंडवन खडकांच्या एका समूहाला दिले आहे आणि त्या दहा कोटींहून अधिक वर्षांच्या थरांतील बीजाणू व परागकणांची कवचे सूक्ष्मदर्शकाखाली आजही ओळखता येतात. इतके अभेद्य कवच असलेल्या कणातून नाजूक प्रथिने नाकाच्या ओलाव्यात काही क्षणांत बाहेर येतात ती कशी? नाकात कण पचत नाही, फुटतो असेही नेहमी नाही, मग हे घडते कसे?

उत्तर मिळाले वनस्पतिशास्त्रातून, वैद्यकातून नव्हे. जॉन हेस्लॉप-हॅरिसन आणि त्यांचे सहकारी ब्रूस नॉक्स यांनी १९६९ ते १९७१ या काळात परागकणाच्या भिंतीत विकरे आणि इतर प्रथिने कोठे असतात याचा शोध घेतला. चमकणाऱ्या रंगद्रव्याने खूण केलेले प्रतिपिंड वापरून त्यांनी प्रथिनांची स्थाने दृश्य केली. तेव्हा दिसले की प्रथिने कणाच्या गाभ्यात बंदिस्त नसून मोठ्या प्रमाणात भिंतीतच ठेवलेली असतात आणि तीही दोन कोठारांत. पहिले कोठार बाह्यकवचातील पोकळ्यांत असते. सूर्यफुलाच्या कुळात हे कवच काटेरी असते व त्याच्या आत बारीक खांबांवर तोललेल्या रिकाम्या जागा असतात. या जागांतील प्रथिने कणाने स्वतः बनवलेली नसतात. परागकोशाच्या आतील पोषक थर, ज्याला टॅपेटम म्हणतात, तो विरून जाताना आपला ऐवज त्या पोकळ्यांत ओततो. म्हणजे ही मातृवृक्षाने दिलेली शिदोरी होय. दुसरे कोठार अंतःकवचात, विशेषतः कणाच्या छिद्रांखाली असते. तेथील प्रथिने कण स्वतः तयार करतो.

कण कोरडा असेपर्यंत दोन्ही कोठारे शांत असतात. ओलावा लागताच कण पाणी शोषून फुगतो. बाह्यकवचातील प्रथिने बहुधा सेकंदांत झिरपू लागतात; अंतःकवचातील प्रथिने छिद्रांच्या वाटेने काही मिनिटांत बाहेर येतात. कवच मोडावे लागत नाही. ते टिकाऊ असले तरी सच्छिद्र आहे आणि ही सच्छिद्रता उणीव नसून रचनेचा भाग आहे. १९७३ मध्ये नॉक्स यांनी रॅगवीड आणि कॉसमॉस या दोन वनस्पतींवर केलेल्या कामातून भिंतीतील प्रथिने काही मिनिटांत कुक्षीच्या पृष्ठभागावर उतरतात हे दाखवून दिले. कण योग्य जातीचा आहे की परका, त्याला रुजू द्यायचे की नाही, ही पारख त्या संपर्कातून सुरू होते. पुढे रॅगवीडचे ते मुख्य प्रथिन वनस्पतींच्या पेशींमधील पेक्टिन सैल करणाऱ्या विकरांच्या कुळातील निघाले. परागनलिकेला मार्ग काढण्यासाठी असे विकर उपयोगी असणे स्वाभाविक आहे.

या शोधाने ॲलर्जीच्या कथेचा अर्थच पालटला. पाण्याचा स्पर्श होताच बाहेर पडतील अशा जागी वनस्पतीने ही प्रथिने ठेवली ती कुक्षीसाठी. माणसाच्या नाकाची, डोळ्याची आणि घशाची आतील त्वचाही ओलीच असते. कणाला ओलावा कळतो, ओलाव्याचा मालक कळत नाही. तो नाकात पडला तरी कुक्षीवर पडल्यासारखाच वागतो. ज्यांच्या शरीरात या प्रथिनांविरुद्ध आयजीई आधीच तयार झालेले असते, त्यांच्या मास्ट पेशींवर ते प्रतिपिंड सज्ज बसलेले असतात. प्रथिनाचा एक रेणू शेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकाच वेळी चिकटला की मास्ट पेशी हिस्टामीन सोडते आणि काही मिनिटांतच शिंका, पाणी, खाज किंवा धाप सुरू होते. पार्थेनिनच्या त्वचादाहाशी याची तुलना केली म्हणजे दोन रोगांतील अंतर स्पष्ट होते. तेथे पानावरील छोटा रेणू, टी पेशी आणि दिवसांचा विलंब. येथे परागातील प्रथिन, आयजीई आणि मिनिटांचा अवधी. झाड एक, परंतु व्याधी दोन.

गाजर गवताच्या परागाचा हा दुसरा चेहरा समोर आला तो बेंगळुरूत. कांचन आणि जयचंद्र यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका झाडापासून सरासरी ६२ कोटी ४० लाख परागकण तयार होतात असे मोजले. हे कण ६०० ते ८०० च्या पुंजक्यांनी निदान थोड्या अंतरापर्यंत हवेतून वाहून जातात आणि आसपासच्या पिकांच्या पानांवर व कुक्षींवर बसतात. टोमॅटो, मिरची, वांगी, घेवडा यांच्या कुक्षींवर हा परका पराग साचला की फळधारणा घटते, असे त्यांना आढळले. म्हणजे कणातून झिरपणाऱ्या द्रव्यांचा उपद्रव माणसाआधी शेजारच्या पिकाच्या फुलालाही होतो. एक कण १५ ते २० मायक्रॉन व्यासाचा. पुंजका मात्र जड असतो. म्हणून या तणाचा पराग दूर देशी जाण्यापेक्षा आपल्याच वस्तीत अधिक दाट राहतो. ज्याच्या दाराशी झाड, त्याच्याच नाकाशी पराग.

भारतीय विज्ञान संस्थेतील श्रीरामराव, सुब्बाराव आणि सहकाऱ्यांनी पुढील दशकात या परागाच्या ॲलर्जीचा पद्धतशीर अभ्यास केला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बेंगळुरूमधील पाहणीत नाकाच्या ॲलर्जीच्या ३४ टक्के आणि दम्याच्या १२ टक्के रुग्णांची त्वचा या परागाच्या अर्काला सुईच्या चाचणीत प्रतिसाद देणारी निघाली. १९९३ मध्ये त्यांनी दाखवले की गाजर गवत आणि रॅगवीड यांच्या परागांतील प्रथिनांना एकच प्रतिपिंडे ओळखू शकतात. अमेरिकेतील रॅगवीडवर जमलेले दीर्घकाळचे ज्ञान अशा रीतीने भारताच्या उपयोगी आले. १९९६ मध्ये सुब्बाराव यांच्या गटाने अमेरिकी सहकाऱ्यांसह या परागातील मुख्य ॲलर्जीकारक प्रथिन ओळखले. ते शर्करा जोडलेले आणि हायड्रॉक्सिप्रोलिनने समृद्ध आहे. अशी प्रथिने वनस्पतींच्या पेशीभित्तीत सापडतात. त्याला 'पार एच १' असे नाव मिळाले. २०१८ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबर्गच्या संशोधकांसह एका गटाने त्याची रचना अधिक उलगडली. त्याच्या एका टोकाला डिफेन्सिन, म्हणजे वनस्पतींच्या संरक्षणासाठी असणाऱ्या प्रथिनांच्या कुळातील घडी आहे, आणि तिला प्रोलिनयुक्त लांब शेपूट जोडलेले आहे. माणसाशी वैर करण्यासाठी त्यात काहीच घडवलेले नाही.

साठवण आणि सुटका यांची रीत सर्व वनस्पतींत सारखी नसते. गवतांच्या परागात प्रमुख प्रथिनांपैकी एक कणाच्या पोटातील स्टार्चच्या सूक्ष्म कणिकांशी निगडित असते. ब्रूस नॉक्स पुढे मेलबर्नला गेले आणि तेथे सुफिओग्लू, मोहन सिंग व इतरांबरोबर १९९२ मध्ये त्यांनी दाखवले की पावसाच्या पाण्यात राय गवताचा कण फुटतो आणि सुमारे ७०० कणिका हवेत मोकळ्या होतात. अखंड कण मोठा असल्यामुळे नाकात अडतो. या कणिका मात्र फुप्फुसात खोलवर जाऊ शकतात. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नवर वादळ आले, हजारो लोक श्वास कोंडून रुग्णालयांकडे धावले आणि दहा जणांचा मृत्यू झाला. परागकण कोठे काय ठेवतो आणि ते केव्हा सोडतो, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाचा नाही, याची इतकी कठोर साक्ष दुसरी सापडणार नाही.

गाजर गवताच्या परागाने एकदा एका कीटकालाही चकवले. या तणाचा नैसर्गिक शत्रू असलेला मेक्सिकन भुंगा, शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा, १९८० च्या दशकात मेक्सिकोहून बेंगळुरूला आणला गेला आणि तपासण्यांनंतर मोकळा सोडण्यात आला. काही वर्षांनी कर्नाटकात तो सूर्यफुलाची पाने खाताना दिसला. पिकावर नवे संकट आले अशी ओरड झाली आणि भुंग्याचा प्रसार थांबवावा लागला. के. पी. जयंत आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये त्याचे कारण प्रसिद्ध केले. शेजारच्या गाजर गवताचा पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडला होता आणि परागातील द्रव्यांमुळे भुंगा ते पान आपले खाद्य समजत होता. भुंग्याचा दोष नव्हता. परागाने सूर्यफुलाच्या पानावर गाजर गवताची ओळख उमटवली होती. पुढे त्याच्यावरील संशय दूर झाला आणि जबलपूरच्या केंद्राने हे भुंगे वाढवून देशाच्या अनेक भागांत पोहोचवले.

आता ऑगस्टमधील त्या सूचनेकडे पुन्हा पाहिले तर तिचा पूर्ण अर्थ लागतो. जबलपूरचे सुशीलकुमार आणि वार्ष्णेय यांनी २०१० मध्ये केलेल्या अंदाजानुसार हे तण देशातील सुमारे साडेतीन कोटी हेक्टरांवर पसरलेले आहे. पावसाच्या पहिल्या सरींनंतर उगवलेले रोप साधारण चार ते सहा आठवड्यांत फुलू लागते. रोप पर्णगुच्छाच्या अवस्थेत असताना भुई ओली असते, मूळ सहज निघते, बी नसते आणि परागाची कोठारेही अजून बांधली गेलेली नसतात. मेक्सिकन भुंग्याचा जोरही याच पावसाळी दिवसांत असतो. उन्हाळ्याच्या अखेरीपूर्वी टाकळ्याचे बी पसरून ठेवावे म्हणजे पावसाळ्यात टाकळा दाट वाढून गाजर गवताला जागा देत नाही, हा सल्लाही त्याच विचारातला.

उशीर झाला तर काय होते, याचे उत्तर उपटणाऱ्या माणसाला भोगावे लागते. बहरातले झाड हिसका देऊन ओढले की हजारो फुलोरे एकदम हादरतात. परागाचे पुंजके दूर जात नाहीत. ते उपटणाऱ्याच्याच चेहऱ्याभोवती उतरतात आणि वाळलेली लव त्याच्याच मनगटांवर व मानेवर बसते. दोन्ही व्याधींची द्रव्ये एकाच वेळी एकाच शरीरावर येतात. हे काम बहुधा रोजंदारीवरील मजूर, सफाई कामगार, शेतातील बाया आणि श्रमदानाला आलेली शाळकरी मुले करतात. एका दिवसाच्या श्रमदानाने परिसर स्वच्छ झाल्याचे छायाचित्र निघते. त्यानंतर आठवडाभर कोणाचे डोळे चुरचुरले आणि कोणाला धाप लागली, याची नोंद कोठेच होत नाही. म्हणून हातमोजे, नाकातोंडावर कापड आणि पूर्ण बाह्यांचे कपडे ही अट सूचनेला जोडलेली असते. ज्यांना आधीपासून दमा किंवा या तणाचा त्वचारोग आहे, त्यांना या कामावर पाठवू नये, हे निराळे सांगण्याची गरज नसावी. उपटलेले फुलोऱ्याचे झाड रस्त्याच्या कडेला वाळत टाकणे म्हणजे त्याचा उरलेला पराग व बी वाऱ्यावर सोपवणे होय.

दीडशे वर्षांपूर्वी पतंगाला काच बांधणाऱ्या ब्लॅकली यांना पराग हवेत आहे एवढे दाखवता आले. पुण्याच्या वैद्यांनी झाडाचा एक दोष पकडला, बेंगळुरूच्या संशोधकांनी दुसरा. मधल्या काळात कणाच्या भिंतीत डोकावणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या दुसऱ्या दोषाचे मूळ सांगितले : ओलावा भेटताच प्रथिने सोडणे हे कणाचे कर्तव्यच आहे आणि सुटलेली प्रथिने नाकातून परत घेता येत नाहीत. एकदा कण हवेत गेला की औषधे त्रास कमी करू शकतात, परंतु कणाला थांबवू शकत नाहीत. त्याला थांबवण्याची वेळ फुलापूर्वीची असते. जबलपूरच्या सूचनेतील ते दोन शब्द या सर्व शोधांचे सार आहेत आणि ज्यांच्या हातांनी हे तण उपटले जाते, त्यांचा श्वास त्या दोन शब्दांवर अवलंबून आहे.